अक्रोड म्हणून घेतलेला दस्ता

अण्णांची बारा बोअरची दुनळी बंदूक माझ्या नावावर झाली, तेव्हाच तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, चापाच्या मागे तडकलेला होता. दोष अण्णांचाच. दर दसऱ्याला झेंडूची माळ घालायची, यंत्रात सढळ हाताने तेल सोडायचं आणि बंदूक नळ्या वर करून कपाटात उभी ठेवायची. वर्षानुवर्षं ते तेल खाली झिरपून लाकडात मुरलं. दस्त्याचं तोंड काळं पडलं, इतकं मऊ झालं की नख रुतायचं. लोखंड लाकडाला जिथे टेकतं, तिथेच बार उडाल्याचा सगळा धक्का बसतो. ती जागा मऊ झाली की चीर जाणारच. तेल दिल्यावर बंदूक नळ्या खाली करून ठेवायची असते, हे मला आता कळलं.

तर नवा दस्ता करायचा ठरवलं. आम्ही निफाडकडचे, द्राक्षाची छाटणी संपली की थोडी उसंत मिळते. लाकूड तासायचा नाद मला पहिल्यापासून. जुना दस्ता मापाला समोर ठेवायचा, गावच्या सुताराकडून ढोबळ आकार काढून घ्यायचा, पुढचं रंधा-कानस आणि अळशीचं तेल मी घरी करायचं. लोखंडावर बसवण्याचं काम मात्र लायसन्सवाल्या कारागिराकडेच, हेही ठरलेलं. अण्णांची उंची माझ्यापेक्षा जास्त, त्यांचा दस्ता चापापासून सव्वाचौदा इंच. मला पावणेचौदा हवा होता. शिवाय मुठीवर बारीक जाळी कोरायची हौस होती.

लाकूड अक्रोडाचंच हवं होतं. वजनाच्या मानाने ते चिवट असतं, नीट वाळलं की फारसं हलत नाही, पटाशीखाली स्वच्छ कापतं. शोधता शोधता मोबाईलवर नाशिकच्याच एकाची जाहिरात दिसली. ‘काश्मिरी अक्रोड, पाच वर्षं वाळवलेला, बारा बोअरच्या मापात.’ व्हिडिओत तो फळीवर पाणी ओतायचा आणि रेषा अशा काही उठून यायच्या की बघतच राहावं. फोन केला तर म्हणाला, ‘दादा, दोनच नग राहिलेत, उद्या लुधियानाची पार्टी येतेय.’ ही लुधियानाची पार्टी अजून यायचीच आहे.

शहराबाहेर त्याचा गाळा. फळी वीस इंच लांब, आठ रुंद, अडीच जाड. दोन्ही टोकांना मेण फासलेलं, रंग चॉकलेटी. साडेनऊ हजार सांगितले, दिले. पावती मागितली तर वहीतलं पान फाडून त्यावर ‘इंडियन वॉलनट, १ नग’ असं लिहून दिलं. मी घडी घालून खिशात टाकली. वाचली होती, पण डोक्यात शिरली नाही.

मग तो म्हणाला, ‘बंदूक आणून द्या, चार हजारांत इथेच बसवून देतो.’ त्यातले दोन हजार त्याने आगाऊ घेतले, आणि मी दिलेही. पुढच्या खेपेला मी फक्त जुना दस्ता घेऊन गेलो. तो बंदुकीसाठी अडून बसला. मी विचारलं, ‘दुरुस्तीचं लायसन्स दाखवता का?’ ‘लाकडाच्या कामाला कसलं लायसन्स, दादा!’ तिथे मात्र मी भानावर आलो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात दुरुस्तीसाठीही परवाना लागतो असं स्पष्ट आहे. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या गाळ्यावर बंदूक सोडून आलो असतो, तर अडकलो मीच असतो. दोन हजार त्याच्याकडे राहिले. ते गेल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

द्राक्षवाल्याची एक सवय असते, आलेला माल काट्यावर टाकायचा. फळी घरी आली त्या दिवशी मी शेडमधल्या काट्यावर ठेवली होती, पाच किलो आठशे. खडूने तिच्यावरच लिहून ठेवलं. एकोणीस दिवसांनी सुताराकडे न्यायच्या आधी सहज पुन्हा ठेवली, पाच किलो शंभर. सातशे ग्रॅम पाणी उडालं होतं. पाच वर्षं वाळलेलं लाकूड तीन आठवड्यांत एवढं हलकं होत नाही. टोकाच्या मेणाजवळ केसाएवढी चीरही दिसायला लागली होती.

तरीही मी ती सुताराकडे नेली. शहाणपण एका दिवसात येत नाही. त्याने करवत चालवली आणि चार-पाच ओढीतच शिंकायला लागला. मग मीही. नाकाला उपरणं बांधून तो म्हणाला, ‘भाऊ, हा अक्रोड नाही. हा शिरस आहे. त्याच्या भुशाने अशाच शिंका येतात.’ टर्पेंटाईनचं फडकं फिरवलं तर फडकं चॉकलेटी आणि फळीची कड फिकी, पिवळट. रंधा मारला की तंतू एका ओळीत उलटे उपसायचे, पुढच्या ओळीत सुलटे. त्याच्यावर जाळी काय कोरणार!

पावती घेऊन गाळ्यावर गेलो. त्याचं उत्तर ऐकून घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. ‘मी खोटं काय लिहिलंय? इंडियन वॉलनट लिहिलंय.’ आणि ते खरंच होतं. लाकडाच्या व्यापारात शिरसाला ईस्ट इंडियन वॉलनट म्हणण्याची जुनी पद्धत आहे. जाहिरातीत काश्मिरी अक्रोड, पावतीवर इंडियन वॉलनट, आणि हातात शिरस. शिरस वाईट लाकूड नाही, पण तो अक्रोडाच्या भावाने आणि ओला कोण घेईल? काश्मीरमध्ये अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६९ पासून तसा कायदा आहे. तिथलं लाकूड इथे इतक्या सहज कसं मिळेल, हा प्रश्न मला जाहिरात बघतानाच पडायला हवा होता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्याकडे वहीचं पान. जाहिरातीचा व्हिडिओ मी साठवून ठेवला नव्हता आणि तोवर त्याने तो काढून टाकला होता. अजून काही हाती लागलेलं नाही.

आता पुन्हा कोणी लाकूड दाखवलं तर मी मेण न लावलेली ताजी कड तासून बघणार, ओल्या फडक्याऐवजी टर्पेंटाईनचं फडकं फिरवणार, आणि झाडाचं नाव मराठीत लिहून मागणार. ‘अक्रोड’ लिहायला हात अडखळला की उठायचं.

जुना दस्ताच शेवटी लायसन्सवाल्या कारागिराने वाचवला. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून त्याने लेप दिला, तो तेलाने पिवळा पडला की खरवडून नवा. असं चार वेळा केल्यावर चीर चिकटवून घेतली. पावणेचौदाचं मापही त्याच दस्त्यातून निघालं, मागून अर्धा इंच कापून.

शिरसाची फळी शेडच्या दाराला अडण म्हणून लावली आहे. बांधावर विहिरीशेजारी आमचा स्वतःचा शिरस उभा आहे, थंडीत त्याच्या वाळक्या शेंगा रात्रभर खुळखुळतात. बायको म्हणते, साडेनऊ हजाराचा आवाज येतोय बघा.