हँगिंग मोटरचे आठ महिने आणि ते मेलं पेडल

गेल्या मंगळवारी पेडलनं जीव सोडला, म्हणून लिहायला बसलोय. छताला टांगायची मोटर ठणठणीत आहे, तिचा लवचीक शाफ्टही. गेलं ते वेग कमी-जास्त करायचं पायाखालचं खोकं, आणि खरं सांगायचं तर मला सुतकबितक अजिबात नाही.

काम असं. जुन्या .१७७ एअर रायफलचा शिसवी दस्ता, मुठीवरचं चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या आडव्या-तिरप्या रेघांची जाळी, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं, ते नव्यानं कोरायचं. इंचाला १८ रेघा. कार्बाइडचा चाकासारखा कटर आणि मागच्या रेघेत चालून अंतर राखणारी शेजारची गाइड हे आधीच घेतलं होतं. प्रश्न एवढाच, की त्याला फिरवायचं कशानं?

घरात शिलाई मशीनची मोटर पडून होती, म्हणून पहिला प्रयोग फुकटातला. कपलिंग लेथवर करून घेतलं, पण मध्य कुठंतरी केसभर चुकला आणि टोकाला कटर असा थरथरला की रेघेऐवजी नाला पडला. भाचा अमेरिकेतून मोटर आणतो म्हणाला, पण त्याला मिळत होती ती ११५ व्होल्टची. तिच्यासाठी ट्रान्सफॉर्मर विकत घेणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. मग दातांच्या लॅबवाल्या मित्राची मिनिटाला ३५,००० फेऱ्यांची मायक्रोमोटर, म्हणजे हातातल्या दांड्यातच बसवलेली छोटी मोटर, आठवडाभर मागून आणली. हातात पेनासारखी हलकी, आवाज नाही, कंप नाही. पण वेग कमी केला की शिसवीच्या गाठीत अडकून गप्प, आणि वाढवला की रेघेच्या तळाला लाकूड जळून काळं. मला पाच-सहा हजार फेऱ्या पुरतात, त्या जोर लावून मिळायला हव्यात.

शेवटी हुपरीला चांदीवाल्यांकडं छताला टांगलेल्या मोटरी बघितल्या आणि तसलीच घेतली. १/८ हॉर्सपॉवर, लवचीक शाफ्ट, हँडपीस (हातात धरायचा, कटर बसवायचा दांडा), पेडल, सगळा सेट ५,८०० रुपयांना. पहिले तीन महिने मी तिचे पोवाडे गात होतो. शाफ्ट आखूड वळणात वाकवला नाही आणि आतल्या तारेला बेताचं ग्रीस दिलं, की हँडपीस तापत नाही. ग्रीस जास्त झालं तर ते हँडपीसमधून हातावर आणि तिथून दस्त्यावर येतं, हे मी बनियनला पुसत शिकलो. शिसवीची भुकटी मात्र नाकाला लागते. मास्क न लावता बसलो तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिंका.

आता पेडल. कटर गाइडसकट मागच्या रेघेत टेकवायचा आणि मग हळूच दाबायचं, हे या कामातलं सगळ्यात नाजूक अर्धं सेकंद. हे इलेक्ट्रॉनिक पेडल पाव दाबलं तरी ढिम्म. आणखी सुताएवढं दाबलं की मोटर एकदम उसळते. एकदा फिरायला लागली की वेग खाली आणता येतो, पण सुरुवात झटक्यानंच. सोनाराला पॉलिश करताना हे जाणवणारही नाही. मला जाणवलं, कारण जूनमध्ये उजव्या बाजूला कटर चेकरिंगची बॉर्डर ओलांडून तीन मिलिमीटर बाहेर गेला. तो ओरखडा लपवायला बॉर्डर दोन रेघांनी रुंद केली. मग जोडीला जोड हवी म्हणून चांगल्या झालेल्या डाव्या बाजूचीही केली. चार संध्याकाळी गेल्या. घरची लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तर हे पेडल गुरगुरायचं आणि मनाला येईल तसा वेग द्यायचं.

मध्येच एक शब्द मागं घेतो. एप्रिलमध्ये मी चार जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की मायक्रोमोटर लाकडाला निरुपयोगी. लांब रेघांना नाहीच चालत, पण बॉर्डरजवळच्या कोपऱ्यात, जिथं तंतू उचकटतात, तिथं तिचं उलट फिरवायचं बटण सोन्याचं आहे. माझ्या टांगत्या मोटरीत ती सोय नाही, आणि शाफ्ट उलटा चालवू पण नये, तारेचा पीळ एकाच दिशेचा असतो, तो सुटू शकतो. मित्राची मायक्रोमोटर अजून माझ्याकडंच आहे. त्यानं मागितली नाही, मी आठवण केली नाही.

पेडल मेल्यावर दुकानात गेलो. बिलावर ‘पूर्ण सेट, १ वर्ष’ असं छापलंय. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “काका, वॉरंटी मोटरला. पेडल ॲक्सेसरीत येतं.” म्हटलं, मग पेडलशिवाय मोटर काय फोटो काढायला टांगू? तो हसला. नवं पेडल १,४५० रुपये, आणि तेही स्टॉकमध्ये नाही.

तसाच हुपरीला गेलो. ज्यांच्याकडं मोटर पहिल्यांदा बघितली ते कारागीर म्हणाले, “मास्तर, ह्ये झटका देनारच. आमचं जुनं कार्बनचं न्या की ओ.” अडगळीतून एक ओतीव लोखंडाचं जडशीळ पेडल काढलं, मोटरीच्या अँपिअरला पुरतंय ना ते दोघांनी मिळून पाहिलं, आणि ३५० रुपयांत व्यवहार झाला. आत कार्बनच्या चकत्यांची चळत असते. पायानं दाबाल तशा त्या एकमेकींना घट्ट भिडतात, विजेला होणारा विरोध कमी होतो आणि मोटर वेग धरते. घरी आल्या आल्या लावलं. अंगठा नुसता टेकवला, तर शाफ्ट झोपेतून उठल्यासारखा हलला आणि कटरचे दाते डोळ्यांनी मोजता येतील इतका सावकाश फिरला. आठ महिने मी ह्याच्यावाचून काढले!

खोट आहेच. सावकाश चालवलं की उरलेली वीज पेडलच्या पोटात उष्णता होते. वीस मिनिटांत चप्पल नको वाटते. मी पंधरा मिनिटं काम करतो, मग चहा.

काल दुकानातून फोन होता, “काका, पेडल आलंय, ठेवू का बाजूला?” म्हटलं, ठेवा. तिथंच ठेवा.