मुंबई ते न्यूयॉर्क : थेट की थांबा घेऊन?

लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला पहिल्यांदाच निघालेले आईवडील असले की घरात हा वाद ठरलेला. थेट म्हणजे जवळचा रस्ता आणि थांबा म्हणजे वळसा, असं आपण धरून चालतो. पण वळसा नावालाच आहे.

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, म्हणजे १२,९५०. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५४०, म्हणजे १२,७४०. फरक दोनशे ते चारशे किलोमीटरचा. विमानाला तेवढं कापायला अर्धा तास पुरतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा : तो अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलंडवरून जातो. लंडन त्या वाटेच्या बरंच दक्षिणेला आहे, तरी वळसा थोडाच पडतो. शिवाय थेट विमानही दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना समुद्रावरून वळून जावं लागलं.

मग वेळ जातो कुठे? थांब्यात. थेट विमानाला जाताना सुमारे सोळा तास लागतात. दुबईमार्गे हवेतले तास सव्वासतरा, लंडनमार्गे साधारण अठरा. त्यावर थांब्याचे तीन तास धरा, किंवा तिकीट स्वस्तातलं असेल तर आठही.

माझ्या मते खरा प्रश्न थांबा कुठे पडतो हा आहे. दुबई सव्वातीन तासांत येते. जेवण होऊन डोळा लागतो न लागतो तोच उठायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि पुढे चौदा तास बसायचं आहेच. म्हणजे पायांना विश्रांती मिळत नाही, फक्त झोपमोड होते. लंडनला मात्र प्रवासाचे जवळपास दोन सारखे तुकडे पडतात. गुडघेदुखीवाल्यांना तो थांबा खरोखर उपयोगी. भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर सहसा लागत नाही. आईवडिलांचा अमेरिकन व्हिसा सहसा दहा वर्षांचा असतो, त्यामुळे ते निभावतात. अडकतो तो पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेला मुलगा, तोही भारतात येताना.

आखातातूनच जायचं तर मी अबू धाबी बघेन. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत विमानातून आल्यासारखं थेट बॅगांकडे जाता येतं. लांबलचक रांगेत इंग्रजी प्रश्नांची धास्ती घेऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं. थांबा मात्र तीन तासांहून कमी घेऊ नका.

तरीही सत्तरीच्या पुढचे दोघंच निघाले असतील आणि त्या तारखांना थेट विमान असेल, तर मी चार पैसे जास्त मोजून तेच घेईन. व्हीलचेअर एकदा मुंबईत, एकदा तिकडे. मध्ये गेट शोधणं नाही. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, एवढं त्यांना बजावून ठेवा. परतीला वारा पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास वाचतोही.

आणि लेक न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर जेएफकेच्या जोडीने तिथल्या नेवार्क विमानतळाचेही पर्याय बघा. हवाई अंतर जवळपास तेवढंच, पण न्यायला येणाऱ्याची न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकमधली फेरी वाचते.