यंत्रसुरक्षेचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, हिंगणा एमआयडीसी: एका मेंटेनन्स अभियंत्याचा अभिप्राय

यंत्रसुरक्षेची मानके आणि कायदेशीर पूर्तता या विषयावर अभियंत्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या वर्गाला नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील आमच्या प्रेस शॉपमधून आम्ही तिघे गेलो होतो. माझ्या पहिल्या नोकरीत एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे पॉवर प्रेसखाली गेलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे या विषयाकडे मला केवळ प्रमाणपत्रापुरते पाहता येत नाही.

पहिला दिवस यंत्रातील धोके ओळखून कमी करण्याच्या आयएसओ १२१०० या मानकाचा होता. आपल्याकडे तेच आयएस १६८१९ म्हणून स्वीकारलेले आहे. धोका आधी यंत्राच्या रचनेतूनच काढावा, ते शक्य नसेल तर गार्ड किंवा संरक्षक साधन बसवावे आणि जे उरेल त्यासाठीच सूचनाफलक व प्रशिक्षण यांवर विसंबावे, हा त्यातील क्रम प्रशिक्षकांनी अस्सल मराठीत आणि शॉपफ्लोअरच्या उदाहरणांनी समजावला. दार उघडताच यंत्र थांबवणाऱ्या इंटरलॉकमध्ये सुटी चावी अडकवून यंत्र चालवणाऱ्या कामगाराला दोष देण्याआधी, दार बंद ठेवून सेटिंग करताच येत नाही असे यंत्र आपण त्याला का दिले, हे विचारायला त्यांनी आम्हाला भाग पाडले. वर्गातली ती सर्वांत मोलाची पंधरा मिनिटे होती.

दुसऱ्या दिवशी आयएसओ १३८५५ नुसार लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये येताच यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, किती अंतरावर हवा, याचे गणित प्रत्येकाने हाताने केले. परत आल्यावर तेच गणित मी आमच्या प्रेसवर केले. कर्टनचा किरण अडल्यापासून रॅम, म्हणजे प्रेसचा खाली येणारा भाग, थांबेपर्यंतचा एकूण वेळ मीटरवर ०.१८ सेकंद भरला. हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरला की ३६० मिमी होतात; कर्टन किमान ३० मिमी जाडीची वस्तू ओळखणारा असल्याने त्यात मानकानुसार १२८ मिळवावे लागतात, म्हणजे किमान ४८८ मिमी. आमचा कर्टन डायपासून, म्हणजे रॅम जिथे दाबतो त्या साच्यापासून, २५० मिमीवर होता, आणि चार वर्षे आम्ही तो सुरक्षित मानत होतो. तो मागे घेतल्यावर मधल्या जागेत माणूस उभा राहू शकतो, म्हणून तिथे आडवा गार्डही लावावा लागला. ही सूचनासुद्धा वर्गातच मिळाली होती.

कायद्याचा भाग मात्र कमकुवत आहे. हातात दिलेली पुस्तिका पूर्णपणे १९४८ च्या कारखाना अधिनियमावर बेतलेली होती. कलम २१ मधील यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती आणि कलम ७ ब मधील यंत्रनिर्मात्याची जबाबदारी त्यात नीट मांडली आहे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता लागू झाली असताना तिला जेमतेम दहा मिनिटे देणे अभियंत्यांवर अन्याय करणारे आहे. जुने कोणते नियम पुढे चालू राहतात, हा प्रश्न तिघांनी विचारला आणि तो तसाच राहिला. अवजड उद्योग मंत्रालयाचा यंत्रसुरक्षेविषयीचा २०२४ चा आदेश आणि त्याची वाढवलेली मुदत यांचा उल्लेखही धावताच झाला. उलट २० जानेवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या युरोपीय यंत्र नियमावलीवर दीड तास गेला. निर्यात करणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, पण वर्गात तसे दोघेच होते.

आयएसओ १३८४९ ला, म्हणजे नियंत्रण प्रणालीच्या विश्वासार्हतेला, अर्धा दिवस अपुरा पडतो. शेवटची चाचणीही फार सोपी होती. ती सगळेच उत्तीर्ण झाले.

तरीही मेंटेनन्स आणि डिझाइनमधल्या अभियंत्यांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवेन. जाताना आपल्या एखाद्या यंत्राचे विद्युत आरेखन आणि गार्डची छायाचित्रे सोबत न्यावीत. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशिक्षक ती उघडून प्रत्येकाजवळ बसतात, आणि मोकळ्या हाताने आलेल्यांना तो वेळ नुसता पाहत काढावा लागतो.