हजार पानांची अद्भुतकथा पडद्यावर: एकच चित्रपट, तीन चित्रपट की मालिका?

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला जुना हिशोब. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला दीडशे पानं. हजार पानांची कादंबरी हाती असेल, तर काय गाळायचं हे ठरवण्याआधी आकार ठरवावा लागतो.

जाड पुस्तक म्हणजे लांब चित्रपट, असं मात्र नाही. हॅरी पॉटर मालिकेतलं सगळ्यात जाड पुस्तक पाचवं. त्याचा चित्रपट (२००७) १३८ मिनिटांचा, आधीच्या चारही चित्रपटांपेक्षा छोटा. तो जमला, कारण पटकथेने हॅरीचा धागा सोडला नाही. क्विडिच या जादूगारांच्या खेळाचे सामनेसुद्धा सरळ वगळले. ज्या कादंबरीत एक नायक आणि एक वाट आहे, तिला एक चित्रपट पुरतो. अनेक खंडांचं विश्व मात्र एका बैठकीत बसत नाही. स्टीफन किंग यांची 'द डार्क टॉवर' ही कादंबरीमाला २०१७ मध्ये दीड तासाच्या चित्रपटात कोंबली गेली आणि ना वाचकांचं समाधान झालं, ना नव्या प्रेक्षकांचं. मिखाएल एंडे यांच्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी'चा १९८४ चा चित्रपट साधारण अर्ध्या पुस्तकावर थांबतो. एंडे त्यावर संतापले होते, तरी माझ्या मते थांबण्याची जागा बरोबर होती: तिथे एक गोष्ट खरोखर संपते.

तीन चित्रपटांचा विषय निघाला की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं नाव येतंच. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये १९९९ ते २००० या काळात सलग केलं. त्यामुळे नटांचं वय, सेट, प्रकाश यांचा मेळ टिकला. पण मला जास्त शिकवतं ते पटकथेतलं काम. दुसऱ्या खंडात मूळ लेखक टॉल्किन आधी एका गटाची हकिगत पूर्ण सांगतात आणि मगच नायक फ्रोडोकडे वळतात. वाचताना हे छान वाटतं. पडद्यावर नायक दीड तास गायब राहिला असता. चित्रपटाने दोन्ही वाटा एकमेकींत गुंफल्या, अजस्र आठपायी कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात नेला आणि टॉम बॉम्बाडिल हे पात्रच वगळलं. पुस्तकावर प्रेम असणाऱ्यालाच असं धाडस करता येतं. धोका एकच, पण मोठा: पहिलं तिकीट विकण्याआधीच तिन्ही भागांचे पैसे अडकतात.

पुढच्या भागांचे पैसे हातात नसताना हाच मार्ग धरला की काय होतं, ते फिलिप पुलमन यांच्या पुस्तकत्रयीवरच्या 'गोल्डन कंपास'ने (२००७) दाखवलं. पहिल्या पुस्तकाची शेवटची प्रकरणं पुढच्या चित्रपटासाठी राखून ठेवली आणि तो चित्रपट कधी झालाच नाही. पुस्तकाचा सगळ्यात जिव्हारी लागणारा शेवट त्यात हरवला, याचं मला आजही वाईट वाटतं. उलट टोकाला 'हॉबिट': टॉल्किन यांच्याच एका आटोपशीर पुस्तकाचे तीन चित्रपट आणि त्यात ताणलेल्या लढाया.

त्याच 'गोल्डन कंपास'च्या पुस्तकत्रयीची नंतर मालिका झाली. २०१९ ते २०२२ या काळात तीन सीझनमध्ये ती पूर्ण झाली आणि गाळलेला शेवटही मिळाला. अनेक घराणी, अनेक दरबार, कारस्थानं असलेल्या कथेला मालिकाच मानवते, कारण दुय्यम पात्रांना तिथे श्वास घेता येतो. मात्र प्रत्येक भागाला स्वतःचा चढ-उतार लागतो, आणि अक्राळविक्राळ प्राणी व युद्धं यांच्यासाठीचा पैसा अनेक तासांवर पसरल्याने पातळ होतो. मूळ कादंबरी अपुरी असेल तर आणखी पंचाईत. 'गेम ऑफ थ्रोन्स' ७३ भागांत पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि शेवट लेखकाच्या पुस्तकाविनाच रचावा लागला.

तुम्ही ठरवत असाल तर माझा कल असा. एक नायक असेल तर एक चित्रपट. धागे अनेक आणि कथा पूर्ण असेल तर मालिका. तीन चित्रपट तेव्हाच, जेव्हा तिन्हींचे पैसे आधी हातात असतील. तसे नसतील, तर पहिल्या चित्रपटाचं शेवटचं दृश्य सगळ्यात आधी लिहा. दुसरा कधीच निघाला नाही तरी ते पुरेसं वाटतंय का, ते बघा, आणि मगच करारावर सही करा.