मॉरिशसचे घर आणि लिथुआनियाचे खाते

हॉटेलऐवजी स्वयंपाकघरासह घर भाड्याने घेऊन परदेशात समुद्रकिनारी सुट्टी घालवण्याचा बेत पुण्यातील बरीच कुटुंबे हल्ली आखतात. अशाच एका बेतात आमचे सुमारे सव्वा लाख रुपये गेले. ते कसे गेले, हे इतरांना आधी कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही कोथरूडचे सहा जण. आई कांदा-लसूणही खात नाही आणि वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे आठवडाभर हॉटेलचे जेवण खिशाला परवडणारे नव्हते आणि पथ्यालाही. मॉरिशससाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, तेथे भारतीय वंशाची वस्ती मोठी असल्याने डाळ, तांदूळ, मसाले सहज मिळतात; शिवाय मेपासून आग्नेयेचे वारे जोर धरतात, तेव्हा पूर्व किनाऱ्यापेक्षा पश्चिमेचा समुद्र शांत असतो. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आँ-फ्लाक निश्चित केले. एका परिचित बुकिंग संकेतस्थळावर समुद्राकडे तोंड असलेले तीन खोल्यांचे घर दिसले. भाडे आसपासच्या घरांपेक्षा थोडेसेच कमी होते. ते फारच कमी असते, तर संशय आला असता, आणि हे समोरच्या माणसाला आमच्याइतकेच ठाऊक असावे.

‘मालक’ म्हणवणाऱ्या त्या गृहस्थाने संकेतस्थळाचे कमिशन वाचवून तेवढी सवलत देतो, असे सांगून बोलणे व्हॉट्सॲपवर नेले. पुढचे काही दिवस त्याने ज्या आस्थेने उत्तरे दिली, तिचे आजही आश्चर्य वाटते. विमानतळावरून टॅक्सीला किती वेळ लागेल, भाजीबाजार कोणत्या दिवशी भरतो, हे सारे त्याने न विचारता कळवले. घरातला कुकर तीन लिटरचा की पाच लिटरचा, या आईच्या प्रश्नालाही त्याने उत्तर दिले. मग भाडेकरार आला, त्यासोबत त्याच्या म्हणून एका पासपोर्टची प्रत आली आणि आमच्या सहाही पासपोर्टच्या प्रती मागितल्या गेल्या. रक्कम युरोमध्ये, थेट बँक खात्यात हवी होती. आमच्या बँकेच्या शाखेत ए-टू अर्ज (परदेशी पैसे पाठवण्याचा) आणि पॅन देऊन ती पाठवली. बँक अशा वेळी पाठवणाऱ्याची ओळख आणि रकमेचा हेतू पाहते. खातेदार खरोखर त्या घराचा मालक आहे का, हे तपासणे तिच्या कामात बसत नाही.

थोड्याच दिवसांत ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून आणखी पैशांची मागणी आली, आणि तीही त्याच दिवशी भरण्याच्या घाईसह. त्याच सुमारास मॉरिशसला जाऊन आलेल्या शेजारच्या काकूंना आईने घराचे फोटो दाखवले. काकू म्हणाल्या, “अहो, हे पाचरीसारखे बेट फ्लिक-आँ-फ्लाकहून कसे दिसेल? हे तर कोअँ द मीर, पार उत्तरेच्या टोकासमोर!” गुगल लेन्सवर फोटो टाकताच तेच घर उत्तर किनाऱ्यावरील परेबेर येथे, दुसऱ्याच नावाने सापडले. खऱ्या मालकिणीला लिहिले, तर आपले फोटो यापूर्वीही चोरीला गेल्याचे तिने कळवले.

मग पैसे पाठवल्याचा कागद पुन्हा वाचला. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरे देशाची असतात, मॉरिशसची ‘एमयू’. आमच्या कागदावर ‘एलटी’, म्हणजे लिथुआनिया. परदेशी मालकाचे खाते युरोपात असू शकते, त्यामुळे एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. पण मॉरिशसमधील घराचे भाडे लिथुआनियात का जाते, हा प्रश्न पैसे पाठवण्याआधीच विचारता येतो.

१९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. बँकेने रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवला, मात्र खात्यात जमा झालेली रक्कम बहुधा समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय परत येत नाही, असे तेथील अधिकाऱ्यांनी स्पष्टच सांगितले. ग्राहकाने स्वतः मंजूर केलेल्या व्यवहाराला अनधिकृत व्यवहारासाठीचे संरक्षण सहसा लागू होत नाही. हेच पैसे संकेतस्थळावर कार्डाने भरले असते, तर निदान कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद उपस्थित करण्याची वाट मोकळी राहिली असती. म्हणून पंधरा टक्क्यांची ती सवलत मला आता सवलत वाटत नाही. आमचा दाद मागण्याचा हक्क विकत घेण्यासाठी त्याने दिलेली ती लालूच होती.

मॉरिशसमध्ये पर्यटकांना घर भाड्याने देण्यासाठी तेथील पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो. नंतर दुसरे घर पाहताना परवान्याचा क्रमांक मागितला आणि फाटकापासून ओट्यापर्यंत घर व्हिडिओ कॉलवर दाखवण्याची विनंती केली, तेव्हा त्या मालकांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. मॉरिशसच्या विमानतळावर परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण विचारले जाते. बनावट करार हाती घेऊन आई-वडिलांसह तेथे उभे राहावे लागले नाही, हे काकूंमुळेच.

पासपोर्टच्या प्रती गेल्या, त्या गेल्याच. त्यांचाही उल्लेख तक्रारीत केला आहे, आणि आता कोणालाही प्रत देताना तिच्यावर आडवे, ठळक अक्षरांत हेतू व तारीख लिहूनच देतो.