कल्पनेतल्या समुद्रात जीवसृष्टी कुठून सुरू करावी?

कथेसाठी सूर्यप्रकाश न पोचणारं सागरी जग रचायचं, तर खऱ्या समुद्रात दोन उत्तम नमुने आहेत. १९७७मध्ये पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी सापडलेल्या उष्ण झऱ्यांपाशी जिवाणू हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा मिळवतात. त्यांच्या जिवावर तोंड-आतडं नसलेले भलेमोठे नळीकृमी वाढतात. दृश्य जबरदस्त, पण असे झरे बऱ्याचदा काही दशकांतच विझतात.

२०००मध्ये अटलांटिकात सापडलेली ‘लॉस्ट सिटी’ ही उष्ण झऱ्यांचीच जागा, पण निराळी. कार्बोनेटचे ६० मीटरपर्यंतचे पांढरे मनोरे, ४० ते ९० अंश सेल्सिअसचं पाणी, खडक-पाण्याच्या अभिक्रियेतून सतत निघणारा हायड्रोजन, आणि वय निदान ३० हजार वर्षं! प्राणी मात्र लहान नि विरळ. तरीही उगमासाठी मी हीच निवडेन. जीव रुजायला एवढी सवड हवीच. नळीकृमी पुढच्या प्रकरणात येऊ देत.