अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर, लातूर ते कवरत्ती

पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते मोजणारा हा मीटर घेऊन दीड वर्ष झालं. लातूरला माझी खानावळ आहे, क्लासची साठ-पासष्ट पोरं दोन्ही वेळा जेवतात. बोअरचं पाणी असं की तूरडाळ शिजता शिजत नाही आणि पिंपाला महिन्याभरात पांढरा थर. पिण्यासाठी जार घेते. जारवाला रोज म्हणायचा, "मावशी, एकदम फिल्टरचं." म्हणलं, एकदा खरं-खोटं होऊनच जाऊ द्या.

पेनाएवढी वस्तू. टोपी काढायची, दोन सुया पाण्यात बुडवायच्या, आकडा थांबला की वाचायचा. बोअरच्या पाण्यात १३२ आलं. ५०० पर्यंत चांगलं, हे ऐकून होते, त्यामुळं मी खूश. नीटची तयारी करणारा एक पोरगा म्हणाला, "मावशी, कोपऱ्यात गुणिले दहा आहे." म्हणजे १३२०! ते चिन्ह मुंगीएवढं, आणि सोबतचा कागद इंग्रजीत. एक तारा इथंच कापला.

जारचं पाणी ३८-४० दाखवतं. एकदा ११०० आलं. जारवाल्याच्या पुढ्यातच बुडवला होता. "लाईट नव्हती मावशी," एवढंच बोलला. त्या दिवशी मीटरचे पैसे फिटले.

मग मागच्या जानेवारीत लेक-जावयाकडं कवरत्तीला गेले. जावई तिकडं बँकेत आहेत. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, कोचीहून जहाज. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि हा मीटर.

तिथं अंगणात आड, आणि पाणी इतकं वर की दोर फारसा सोडावाच लागत नाही. आमच्याकडं पाचशे फूट बोअर नेऊन नुसता धुरळा उडालेला मी पाहिलाय. मला हेवाच वाटला. जावयांनी समजावलं: बेटावर नदी नाही, पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. टम्म भाकरीसारखा थर, मध्ये फुगलेला, कडेला पातळ. समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटर. मोटार लावून जास्त ओढलं की खालचं खारं वर येतं. आपला आड आटतो, त्यांचा मचूळ होतो.

मी लगेच मीटर काढला. लेकीच्या आडात ४१०. किनाऱ्याजवळच्या, मोटार बसवलेल्या आडात २१०, आणि या वेळी गुणिले दहा माझ्या लक्षात होतं. हौसेनं समुद्रातही बुडवला. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे मीटरच्या हिशेबात पस्तीस हजार, आणि मीटरची धाव दहा हजारांच्या आत. त्यानं हातच टेकले.

४१० बघून मी तांब्या तोंडाला लावणार, तेवढ्यात लेक ओरडली, "आई, पिऊ नको! शेजाऱ्यांचा शोषखड्डा तिथंच आहे." वाळू पोकळ, संडासाचं पाणी झिरपत आडात आणि पुढं समुद्रात. मीटरला त्यातलं काहीच दिसलं नाही. विरघळलेले क्षार तेवढे त्याला कळतात. जंतू नाही, आणि फ्लोराइड-नायट्रेट किती तेही वेगळं सांगता येत नाही. माझ्या माहेरच्या गावचा आड आठवला, उकिरड्याला लागून. मीच त्यात मीटर बुडवून, ४५० आलं म्हणून, गावभर शाबासकी वाटली होती.

कवरत्तीत २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा सरकारी प्लांट आहे, रोज लाखभर लिटरचा. समुद्राचं वरचं कोमट पाणी हवा काढलेल्या टाकीत सोडतात, त्याची वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खालचं गार पाणी आणून ती वाफ थंड करतात. पाणी गोड लागलं. पण सगळा भार यंत्रावर ठेवला की काय होतं, तेही जावयांनी सांगितलं. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या मालेत पाण्याच्या प्लांटला आग लागली, लाखभर माणसं नळाविना, आणि आपल्या विमानांनी, जहाजांनी तिकडं पाणी नेलं. मला लगेच २०१६ चा एप्रिल आठवला. दुष्काळात लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. तेव्हा ताटं धुवायला नको म्हणून मी पोरांना पत्रावळीवर वाढत होते. चारी बाजूंनी पाणी असलेल्यांचीही तीच गत, हे काही केल्या डोक्यात बसेना.

तर मीटर घ्यावा का? घ्या. जार-टँकरवाला फसवत असेल तर लगेच कळतं, बटणसेल वर्षभर टिकले. पण त्याच्या आकड्यावर आडाचं पाणी पिऊ नका. मी परत आल्यावर जंतू तपासायची बाटली आणली, पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं की समजायचं. माहेरच्या आडाचं पडलं.

पाचपैकी तीन तारे. जारवाला आता स्वतःच झाकण उघडतो, "बुडवा मावशी" म्हणतो. मी बुडवते, आणि त्याच्यासमोरच बाटलीतही थोडं भरून घेते.